फोन दुसऱ्या हातात होता

मुंबई बंदराच्या तोंडाशी, एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी, सरांनी मला विचारलं, "आपण आत्ता कुठे आहोत?"

मी फोन पुढे केला. निळ्या पाण्यात निळा ठिपका, अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाचव्या स्थळापर्यंत.

"हे फोन सांगतोय," सर म्हणाले. "तू सांग."

सर नौदलातून निवृत्त झालेत आणि सुट्टीच्या दिवशी आमच्यासारख्यांना शिडाची बोट चालवायला शिकवतात. मी पुण्याहून पहाटेच्या बसने येते. पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यातही नकाशाच्या ॲपवर काम करते, त्यामुळे 'कुठे आहोत' हा प्रश्न माझ्या हक्काचा आहे असं मला वाटायचं.

सरांनी माझ्या उजव्या हातात एक छोटं होकायंत्र दिलं. डोळ्यासमोर धरायचं, एखादी ओळखीची खूण त्याच्या रेघेवर आणायची आणि तिची दिशा अंशांत वाचायची. आमच्या उत्तरेला दोन खुणा होत्या. डावीकडे कुलाब्याच्या टोकापलीकडचं प्रोंग्जचं दीपगृह, उजवीकडे संक रॉकचं. दोघांच्या दिशा मोजल्या, कागदी चार्टवर दोन रेघा मारल्या. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे आपण असतो. नववीच्या भूमितीपलीकडे यात काही नाही.

माझा छेदबिंदू फोनच्या ठिपक्यापासून अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब पडला.

"होकायंत्र जुनं झालंय बहुतेक," मी म्हणाले.

सरांनी माझ्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. फोन अजून तिथेच होता, होकायंत्रापासून वीतभर अंतरावर. त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं. सुई उत्तरेऐवजी थोडी माझ्या फोनकडे बघत होती.

फोन बॅगेत टाकून मी पुन्हा मोजलं. या वेळी फरक दीडशे मीटरच्या आत आला.

तेव्हापासून ही गोष्ट माझ्या डोक्यात अडकून बसली आहे. फोन बरोबर होता. पहिल्यापासून बरोबर होता. पण बरोबर असता असता त्याने शेजारच्या साक्षीदाराची साक्ष फिरवली होती. आणि ते मला कळलं, कारण माझ्याकडे दोन उत्तरं होती आणि ती जुळत नव्हती. एकच उत्तर असतं, तर कुठलंही असलं तरी मी ते मान्य करून पुढे गेले असते.

मग मी वाचायला लागले. हातात मावणारं एक यंत्र घेऊन माणूस समुद्रात शिरतो, ही गोष्ट फोनपेक्षा बरीच जुनी आहे. प्रत्येक काळातल्या खलाशाने त्या यंत्रावर किती भरवसा ठेवला, हे मला बघायचं होतं.

फळी आणि दोरी

अरबी समुद्रातल्या गलबतांवर एक यंत्र असायचं, त्याचं नाव कमाल. तळहाताएवढी लाकडी फळी, तिच्या मधोमध भोक, त्यातून ओवलेली दोरी आणि दोरीला गाठी. संपलं. बॅटरी नाही, काच नाही.

वापरायची रीत अशी. दोरीची एक गाठ दातांत धरायची आणि दोरी ताठ होईपर्यंत फळी समोर न्यायची. फळीची खालची कड क्षितिजावर टेकवायची आणि वरच्या कडेला ध्रुवतारा येतो का ते बघायचं. आपण जितके उत्तरेला, तितका ध्रुवतारा वर. म्हणजे ही फळी अक्षांश मोजते. कोन मोजायचं एकक होतं बोटाची रुंदी. एक बोट म्हणजे साधारण एक अंश छत्तीस मिनिटं.

गंमत गाठींमध्ये आहे. घरचं बंदर सोडण्यापूर्वी तिथला ध्रुवतारा फळीच्या वरच्या कडेला बरोबर टेकेल अशा अंतरावर गाठ मारून ठेवायची. परत येताना समुद्रात उत्तर-दक्षिण सरकत राहायचं. ती गाठ दातांत धरल्यावर तारा कडेला टेकला, की आपण घराच्या अक्षांशावर आलो. मग वळायचं आणि किनारा दिसेपर्यंत त्याच रेषेवर सरळ जायचं. आपण मॅपवर 'होम' सेव्ह करतो, तसं त्यांनी ते दोरीत सेव्ह केलेलं असायचं.

वास्को द गामाने १४९८ मध्ये आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून एक वाटाड्या घेतला आणि तो कालिकतच्या किनाऱ्याला लागला. सोळाव्या शतकातला पोर्तुगीज इतिहासकार जोआंव द बार्रुश सांगतो, की हा वाटाड्या गुजरातचा होता. त्याला पोर्तुगिजांनी आपलं ॲस्ट्रोलॅब, म्हणजे सूर्याची उंची मोजायची धातूची चकती, मोठ्या कौतुकाने दाखवलं, तर त्याला त्याचं काहीच आश्चर्य वाटलं नाही. त्याने आपलं फळ्यांचं साधन काढून दाखवलं. हा वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद, अशी एक दंतकथा बरीच वर्षं फिरत होती. आता अभ्यासक ती फारशी मानत नाहीत.

कमालचा वापर करणारा नाविक फक्त कमालवर जगत नव्हता. फळी अक्षांश सांगते, रेखांश सांगत नाही. आभाळ भरलं तर काहीच सांगत नाही. म्हणून पाण्याचा रंग बघायचा, पक्षी बघायचे, वाऱ्याचा महिना लक्षात ठेवायचा. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत एक खूण दिली आहे. पाण्यात साप दिसायला लागले, की हिंदुस्थानचा किनारा जवळ आला. साप बघून जहाज हाकायचं म्हटलं की हसू येतं. पण तो दुसरा साक्षीदार होता, आणि त्याला दोरी-फळीशी काही देणंघेणं नव्हतं.

एक डॉलरचं घड्याळ

रेखांशाचा प्रश्न सुटायला अठरावं शतक उजाडावं लागलं. पृथ्वी चोवीस तासांत तीनशे साठ अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. निघाल्या बंदरातली अचूक वेळ जवळ असेल, तर इथल्या दुपारची तिच्याशी तुलना करून आपण किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आलो ते काढता येतं. अडचण एवढीच, की हलणाऱ्या, दमट, गरम-थंड होणाऱ्या जहाजावर अचूक चालणारं घड्याळ नव्हतं. चार सेकंदांची चूक म्हणजे विषुववृत्तावर एक सागरी मैल.

ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये यासाठी मोठं बक्षीस लावलं. जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने त्यावर अख्खं आयुष्य घालवलं. त्याची आधीची यंत्रं पेटाऱ्याएवढी होती. चौथं मात्र मोठ्या खिशातल्या घड्याळासारखं झालं. व्यास तेरा सेंटिमीटर, वजन दीड किलोच्या आसपास. १७६१ मध्ये ते जमैकाच्या सफरीवर गेलं, तेव्हा एक्क्याऐंशी दिवसांत जेमतेम पाच सेकंद चुकलं. अक्षांशासाठी सेक्स्टंटही त्याच काळात आला. तेव्हापासून पुढची दोनशे वर्षं खलाशाच्या हातात या दोन गोष्टी होत्या, आणि सोबत आकड्यांच्या कोष्टकांचं एक जाड पुस्तक.

या पुस्तकाबद्दलचा एक किस्सा मला सगळ्यात जास्त आवडतो.

जोशुआ स्लोकम हा एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. 'स्प्रे' नावाची सदतीस फुटी बोट, १८९५ ते १८९८. निघताना त्याच्याकडे एक चांगलं सागरी घड्याळ होतं, पण ते दुरुस्त करून घ्यायला पंधरा डॉलर पडणार होते. एवढे पैसे घालायला त्याचं मन होईना. वाटेत नोव्हा स्कॉशियात त्याने एक पत्र्याचं घड्याळ विकत घेतलं. किंमत दीड डॉलर, पण तबकडी फुटलेली म्हणून दुकानदाराने ते एक डॉलरला दिलं. पुढे त्याचा मिनिटकाटाही गेला. घड्याळ बंद पडलं तेव्हा स्लोकमने ते चक्क पाण्यात उकळलं आणि ते पुन्हा तास दाखवायला लागलं.

अशा घड्याळावर रेखांश निघत नाही. पण आणखी एक जुनी, किचकट पद्धत होती. चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर सेक्स्टंटने मोजायचं आणि कोष्टकांच्या मदतीने वेळ काढायची. पॅसिफिकमध्ये, जमीन सोडून त्रेचाळीस दिवस झाले असताना, स्लोकमने ती वापरली. पहिलं उत्तर आलं ते त्याच्या हिशोबापेक्षा कित्येक शे मैल पश्चिमेला.

हा हिशोब म्हणजे रोजची नोंदवही. किती वेग, कोणती दिशा, किती तास, त्यावरून आज आपण अंदाजे कुठे. तो अंदाजच असतो. तरी स्लोकमने स्वतःशी ठरवलं, की इतकी चूक माझ्या वहीत असू शकत नाही. तासाभराने त्याने पुन्हा काळजीपूर्वक निरीक्षण घेतलं. उत्तर जवळजवळ तेच आलं. मग त्याने कोष्टकांकडे मोर्चा वळवला आणि तिथे त्याला चूक सापडली. छापील पुस्तकातला आकड्यांचा एक रकानाच चुकीचा होता. तो सुधारल्यावर त्याचं निरीक्षण आणि वही यांत पाच मैलांचा फरक उरला.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मला कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटत होतं. एक माणूस समुद्राच्या मधोमध एकटा आहे, त्याच्याकडे एक डॉलरचं घड्याळ आहे, आणि तो दुसऱ्याच्या डेटाबेसमधला बग शोधतोय! नोंदवही नसती, तर त्याने छापील आकड्यांवर विश्वास ठेवला असता. छापलेलं होतं ना.

तीन हजार डॉलरची वीट

जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. ही व्यवस्था अमेरिकन लष्कराची. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेने जाहीर केलं, की व्यवस्था पूर्ण झाल्यावर ती नागरी वापरासाठीही खुली राहील.

हातात धरता येईल असं विक्रीला आलेलं पहिलं जीपीएस यंत्र म्हणजे १९८९ मधलं मॅजेलनचं नॅव्ह १०००. किंमत सुमारे तीन हजार डॉलर, आकार विटेसारखा. त्याच्यावर नकाशा नव्हता. ते फक्त आकडे दाखवायचं. ते आकडे घेऊन तुम्ही कागदी चार्टवर पेन्सिलने खूण करायची. शिवाय नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची. तुमची जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जायची. त्यामुळे त्या काळातले बोटवाले जीपीएसला एक सल्लागार मानायचे. त्याचा सल्ला घ्यायचा आणि खडकाजवळ डोळे उघडे ठेवायचे.

२००० च्या मे महिन्यात ती मुद्दाम मिसळलेली चूक बंद झाली. एका रात्रीत जगभरातली यंत्रं अचूक झाली. यातून एक विचित्र परिस्थिती उभी राहिली. आता आपली जागा दहा-वीस मीटरपर्यंत कळत होती, पण ज्या नकाशावर ती दाखवायची, त्यातले कित्येक नकाशे एकोणिसाव्या शतकात दोरीला शिसं बांधून खोली मोजून काढलेले होते. ठिपका नकाशापेक्षा हुशार झाला.

मग फोन आले. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये जीपीएस नव्हतं, २००८ च्या आयफोनमध्ये आलं. त्यानंतर होकायंत्र, पुढे दिशा ओळखणारा जायरोस्कोप, त्यानंतर हवेचा दाब मोजणारं बॅरोमीटर. सागरी नकाशांची ॲप आली. कमाल, सेक्स्टंट, घड्याळ, कोष्टकं, चार्ट, नोंदवही हे सगळं दोनशे ग्रॅममध्ये मावलं.

पण एक लक्षात घ्या. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, नकाशा डाउनलोड करायला मात्र लागतं. किनाऱ्यावर ते केलं नसेल, तर समुद्रात तुमच्याकडे अत्यंत अचूक ठिपका आणि त्याच्या मागे कोरी जागा असते. ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडाले, की फोनला बोटं लागल्याचा भास होतो आणि तो स्वतःच झूम करत सुटतो. आणि मुंबईच्या उन्हात डेकवर वीस मिनिटं ठेवलात, तर तो तापून बंद पडतो. माझा पडलाय.

यातल्या एकेका अडचणीवर उपाय आहे. कव्हर घ्या, पॉवर बँक घ्या. खरी अडचण वेगळी आहे. पूर्वी सहा वस्तू होत्या आणि त्या सहा वेगवेगळ्या कारणांनी बिघडायच्या. आता एकच वस्तू आहे.

मुंबईत बांधलेली बोट

हे वाचून कुणाला वाटेल, की मी फोन समुद्रात फेकायला सांगतेय. म्हणून ही पुढची गोष्ट.

कुलाब्यात १९६० च्या दशकात सागवानाची एक बोट बांधली गेली. बत्तीस फुटी 'सुहैली'. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण ब्रिटिश खलाशी. तीच बोट घेऊन तो १९६८-६९ मध्ये ३१२ दिवस कुठेही न थांबता एकट्याने जगाला फेरी मारून आला. असं करणारा तो पहिला. साधनं तीच, सेक्स्टंट आणि घड्याळ.

या पराक्रमाला पन्नास वर्षं होत होती, म्हणून २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब ही शर्यत पुन्हा झाली, मुद्दाम जुन्या नियमांनी. जीपीएस नाही, फोन नाही. सेक्स्टंट वापरा. भारताकडून होते अभिलाष टॉमी. त्याआधी २०१२-१३ मध्ये ते 'म्हादेई' या गोव्यात बांधलेल्या बोटीतून मुंबईहून निघून, न थांबता जग फिरून मुंबईला परत आले होते. आणि 'म्हादेई'तूनच २००९-१० मध्ये दिलीप दोंदे हे एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले होते. २०१८ च्या शर्यतीसाठी टॉमींची 'थुरीया' गोव्यातच बांधली गेली, आणि ती 'सुहैली'चीच प्रतिकृती होती.

सप्टेंबरमध्ये, हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून जवळजवळ एकोणीसशे सागरी मैलांवर, 'थुरीया' वादळात सापडली. डोलकाठी मोडली. टॉमींच्या पाठीला गंभीर इजा झाली, त्यांना उठता येईना. त्या अवस्थेत सेक्स्टंट उचलून सूर्य बघणं शक्यच नव्हतं. बोटीवर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रं होती. संदेश पाठवणारी आणि जागा कळवणारी. त्यातून जगाला कळलं, की ते कुठे आहेत. भारतीय नौदलाच्या विमानाने बोट शोधली आणि तीन दिवसांनी 'ओझिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचललं.

त्या शर्यतीतल्या प्रत्येक बोटीवर एक सीलबंद पेटी असायची. तिच्यात जीपीएस आणि सॅटेलाइट फोन. सील तोडलं, तर मूळ शर्यतीतून बाहेर. मला ही पेटी फार शहाणपणाची वाटते. यंत्र बोटीवर आहे. फक्त ते नसल्यासारखं वागायचं आणि आपलं आपण मोजत राहायचं.

झूम

आता उलट गोष्ट. ती घडली तेव्हा बोटीवर सगळं होतं.

२९ नोव्हेंबर २०१४. व्हॉल्वो ओशन रेस ही जगातली एक सगळ्यात खर्चिक शिडांची शर्यत. केप टाउनहून अबू धाबीकडे निघालेली 'टीम व्हेस्टास विंड' ही बोट अंधारात एकोणीस नॉटच्या आसपासच्या वेगाने जात होती. मॉरिशसच्या ईशान्येला सुमारे चारशे किलोमीटरवर कार्गादोस काराजोस नावाची प्रवाळांची लांबलचक रांग आहे. बोट थेट तिच्यावर जाऊन आदळली. नऊ जणांनी रात्रीचा बराच वेळ लाटांच्या माऱ्यात, मोडत चाललेल्या बोटीवर काढला. नंतर गुडघाभर पाण्यातून चालत ते कोरड्या जागेवर गेले. मागून येणारी 'अल्विमेडिका' ही स्पर्धक बोट शर्यत सोडून रात्रभर जवळ थांबली. कुणीही दगावलं नाही.

जीपीएस चालू होतं. बोट नेमकी कुठे आहे, हे त्यांना मीटरमध्ये माहीत होतं. तो खडकही शतकानुशतकं नकाशावर आहे, पोर्तुगीज नावासकट.

झालं असं, की इलेक्ट्रॉनिक चार्टवर लांबून बघताना त्या जागी समुद्र जरा उथळ, पण बोटीला सहज पुरेल इतका खोल दिसत होता. खडक दिसायला नकाशा बराच जवळ आणावा लागत होता. रस्ता आखताना तेवढा झूम केला गेला नाही. नॅव्हिगेटरने ती चूक उघडपणे मान्य केली. पण नंतर आलेल्या स्वतंत्र चौकशी अहवालाने चार्ट दाखवण्याच्या पद्धतीतल्या उणिवांवरही बोट ठेवलं.

इथे मी खुर्चीत सरळ होऊन बसले, कारण हे माझं काम आहे.

लांबून बघताना नकाशावर सगळं दाखवता येत नाही, चिखल होतो. म्हणून प्रत्येक वस्तूला एक आकडा चिकटवतात. या पातळीच्या आत आलात, तरच मला दाखवा. सागरी चार्टच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणातही असा गुण आहे. हा आकडा समुद्र ठरवत नाही. तो ऑफिसातल्या एसीत बसलेलं कुणीतरी ठरवतं.

आमच्या नकाशात समुद्र नाही, रस्ते आहेत. त्यात फरशी पूल आहेत. ओढ्यावरचे ते बुटके पूल, जे जुलैत पाण्याखाली जातात. त्यांची खूण कितव्या झूमला दिसावी, हा आकडा दोन वर्षांपूर्वी मी टाकला होता. शुक्रवारची संध्याकाळ होती, स्क्रीन गजबजलेली दिसत होती, मी पंधरा लिहिला आणि घरी गेले. म्हणजे पुण्याहून कोकणातल्या एखाद्या गावाचा रस्ता आखणाऱ्या माणसाला सलग, अखंड निळी रेघ दिसणार. मधला पूल दिसायला त्याने त्या ओढ्यापर्यंत झूम करायला हवं. आणि तिथे पूल आहे हेच माहीत नसेल, तर तो तिथे झूम का करेल?

स्लोकमच्या पुस्तकात कुणाच्या तरी हातून एक रकाना चुकीचा छापला गेला होता. माझ्या रकान्यात चूक नव्हती. आकडा नियमात बसत होता. म्हणून तर तो कुणालाच दिसला नाही.

सोमवारी मी तिकीट उघडलं. आखलेल्या रस्त्यावर फरशी पूल असेल, तर तो कुठल्याही झूमला दिसलाच पाहिजे. मॅनेजरने विचारलं, "किती युजरची तक्रार आहे?" एकाचीही नव्हती. मी त्यांना व्हेस्टासचा फोटो दाखवला. मागचा भाग फुटून प्रवाळावर आडवी पडलेली बोट. ते म्हणाले, "आपण बोटीचं ॲप नाही बनवत." पण तिकीट बंद केलं नाही. तीन आठवड्यांनी बदल गेला, पावसाळ्याच्या आधी. फक्त आखलेल्या रस्त्यापुरता. बाकी नकाशावर पंधरा अजून तसाच आहे.

तिसरा रकाना

बोटीवर आता माझी एक वही असते. दर अर्ध्या तासाने सर विचारतात, "कुठे आहोत?" मी प्रोंग्ज बघते, संक रॉक बघते, दिसत असेल तर तिसरी एखादी खूण घेते. वेळ लिहिते, चार्टवर फुली मारते. मग बॅगेतून फोन काढते आणि त्याचा ठिपका लिहिते. तिसऱ्या रकान्यात दोघांमधला फरक. फोन नेहमी माझ्यापेक्षा जास्त बरोबर असतो, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. पण रकाना भरताना मला दर वेळी बाहेर बघावं लागतं. दीपगृह, पाण्याचा रंग, मांडव्याहून येणारी फेरी.

गेल्या रविवारी मी तिथे 'एकशे दहा मीटर' लिहिलं आणि जरा ऐटीत वही सरांपुढे धरली. एक दिवस शून्य आणून दाखवते, म्हणाले.

"शून्य आलं की लगेच सांग," सर म्हणाले. "तू फोन बघून लिहिलंस का, ते आधी तपासू."